बांधकामाचे वर्ष

3 फेब्रुवारी 2025

रुजू झाले. वनखात्याची कचेरी, किनवटच्या पुढे, सागाच्या रानात. पदभार घेण्यात दुपार गेली. यादी वाचून घेतली: टेबलं, कपाटं, हॅमर, बंद पडलेला वायरलेस, मुद्देमाल. इमारत यादीत नाही. वनपालांना विचारलं. "ती आहेच की, मॅडम," म्हणाले.

रात्री आईचा फोन. पोचलीस का, जेवलीस का, काही नाही. पहिला प्रश्न, "भिताड कशाचं हाय?" दगडाचं म्हटल्यावर गप्प झाली. मग म्हणाली, "दाराजवळ निजत जा."

4 फेब्रुवारी

दाराजवळच निजले. थंडी शिरत होती, तरीही.

6 फेब्रुवारी

कचेरी नीट पाहिली. जोतं कमरेइतकं उंच. काळ्या पाषाणाच्या भिंती, दोन फूट जाड. पुढं लांब पडवी. पडवीचे खांब म्हणजे अख्खे साग, फक्त साल काढलेली, रंधा मारलेला नाही. कोपऱ्यातल्या दोन खांबांना वरचं बेचकं तसंच ठेवलंय आणि तुळई त्यात बसवलीय. खिळा कुठं दिसत नाही. वर कवेलू. भिंतीत लोखंडी कड्या, घोडे बांधायच्या. एका कडीला वनरक्षकाची मोटारसायकल साखळीनं बांधलेली.

बाहेर कुठंही पाटी नाही, साल नाही.

8 फेब्रुवारी

टिपेश्वरचा वाघ येडशीच्या अभयारण्यात पोचलाय, डिसेंबरपासून पेपरात आहे. चंद्रपूरचं पथक त्याला पकडायला गेलं होतं, सापडला नाही. तो इकडून तिकडे, मी तिकडून इकडे. त्याला बदलीचा आदेश लागला नाही, एवढाच फरक.

येडशीच्या शेजारच्या आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. वाघानं तिकडे जाऊन काय पाहिलं असेल?

9 फेब्रुवारी

छपरात रात्रभर धावपळ. वनमजूर मामा म्हणाले, उदमांजर. त्यालाही यादीत घ्यायला हवं.

15 फेब्रुवारी

वणव्याचा हंगाम सुरू. जाळरेषा अजून अर्ध्याच झाल्यात. सागाची पानं गळून घोट्याएवढा थर. चाललं की सगळ्या रानाला कळतं कोण आलंय.

अग्निरक्षक पोरं चुणचुणीत. ब्लोअर एकच, त्याचं पेट्रोल कुणी भरायचं यावर अर्धा तास.

19 फेब्रुवारी

वरून पत्र. कार्यालयाची इमारत जुनी व धोकादायक असल्याने निर्लेखनाचा प्रस्ताव सादर करावा. नवीन आरसीसी इमारतीचा आराखडा सोबत जोडावा.

बरं वाटलं. आईला फोन करून सांगितलं. "सिमिटाची का? मग ब्येस," म्हणाली.

20 फेब्रुवारी

मामांना पत्राबद्दल कळलं. काही बोलले नाहीत. पडवी जरा जास्तच वेळ झाडत होते.

24 फेब्रुवारी

मामा आज बोलले. गेल्या वर्षी 10 जुलैला सकाळी हिंगोलीकडे धक्का बसला, 4.5 चा. नांदेडपर्यंत लोक रस्त्यावर आले होते. मामा तेव्हा पडवीत चहा करत होते. "कवेलू खडखडले, मॅडम. भिंत हालली नाही. मी चहा सांडला नाही."

मी तेव्हा परभणीला होते. आईनं त्या दिवशी मला सतरा फोन केले असतील.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. किल्लारीचा भूकंप: 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. मी सहा वर्षांची. जवळपास दहा हजार माणसं गेली, बावन्न गावं जमीनदोस्त. आमच्या भिंती अडीच-तीन फूट जाड होत्या, गडगड्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या. वर माळवद, हातभर मातीचं. थंड असायचं उन्हाळ्यात. आजी अजूनही पुनर्वसनाच्या घरात निजत नाही, पुढच्या पत्र्याखाली निजते.

मामांना हे सांगितलं नाही.

27 फेब्रुवारी

मागच्या बाजूला एक कोपरा ढासळलाय, पिंपळानं फोडलाय. तिथं भिंत आतून दिसते. बसून पाहिली. सांध्यात चुना आहे, माती नाही. खिशातला चाकू घालून पाहिला, टोक वाकलं. दर दोन-तीन हातांवर एक लांब दगड भिंतीच्या आरपार गेलाय, आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधून. किल्लारीनंतर आमच्याकडे अभियंते गावोगाव हेच सांगत फिरत होते: दोन्ही थर बांधा, आरपार दगड घाला, डोक्यावरचं ओझं कमी करा. इथं डोक्यावर कवेलू आणि वासे, माती नाहीच.

पिंपळ काढायला लावला. मुळं राहतील.

2 मार्च

पळस फुललाय. लिहिण्यासारखं काही नाही, सगळे लिहितात.

5 मार्च

रात्री गाडी पकडली. सहा नग साग, चौकटीच्या मापाचे, अजून ओले. माणसं पळाली, तेलंगणाच्या अंगाला. वनगुन्ह्याचा पीओआर फाडला. माल आवारात उतरवला. आवारात आधीच एवढा माल आहे की टेम्पो मागं घ्यायला जागा नाही. काही लाकडांवरचे नंबर पुसलेत, केसेस कुठल्या कोर्टात आहेत ते कारकुनालाही शोधावं लागतं. खालच्या थरातली वाळवीनं खाल्लीत. सागाला वाळवी लागत नाही म्हणतात. कच्च्या भागाला, जमिनीला टेकून पावसाळे काढले, तर लागते.

7 मार्च

माझ्या खोलीवरचा एक वासा तडकलाय. मामांनी काठी लावून दाखवला. बदलायला आठ फुटी साग हवा.

8 मार्च

चौकशी केली. मुद्देमालाला हात लावता येत नाही, तो न्यायालयाचा. जंगलातलं उभं झाड तर नाहीच. मागणी करायची, मंजुरी घ्यायची, आगारातून उचलायचं. पण मागणी कुठल्या इमारतीसाठी? मालमत्ता नोंदवहीतला क्रमांक लिहावा लागतो. इमारत नोंदवहीत नाही.

वनपाल म्हणाले, "आतापर्यंत कसं चाललं ते विचारू नका."

विचारलं नाही.

13 मार्च

होळी. गावोगाव फिरून सांगितलं, रानातलं लाकूड नको, शेणी घ्या. लोकांनी मान डोलावली. रात्री आठ ठिकाणी जाळ दिसले, सगळे गावातच होते. रानात एकही नाही.

21 मार्च

मोह पडायला लागला. पहाटे बायका टोपल्या घेऊन. झाडाखालचा पाला जाळला की फुलं वेचायला सोपी. वणव्यांतले बरेच तिथूनच सुरू होतात. बायकांना दमदाटी करून काय होणार. साड्या, ताडपत्री, जाळी काहीतरी खाली अंथरा म्हटलं. एक म्हणाली, "साडी तुम्ही देता का?"

24 मार्च

दुपारपासून पहाटेपर्यंत आग. घाटाच्या उतारावर. उपग्रहाचा मेसेज यायच्या आधी मामांनी वास ओळखला होता. पापण्या जळाल्यासारख्या झाल्यात. झोप.

25 मार्च

झोप.

29 मार्च

आज ती आली. पोडावरची, कोलाम वस्तीवरची म्हातारी, नातवाचा वनहक्काचा दावा घेऊन. कागद मला द्यायचा, पण पडवीत यायला तयार नाही. खाली उन्हात उभी. "वर या आजी, सावलीत बसा." मान हलवली. मी खाली गेले, कागद घेतला, दोघी उन्हात उभ्या राहिलो.

नातू म्हणाला, ती इथं कधीच वर येत नाही. तिच्या सासऱ्याला त्या खांबाला बांधलं होतं. कोणत्या, ते तिनं बोटानं दाखवलं. बेचक्याचा, डावीकडचा. बकऱ्या रानात चारल्या म्हणून. दंड दिला नाही म्हणून. आणि ही कचेरी त्यांनीच बांधली होती. दगड नाल्यातून डोक्यावर आणले, चुना घाण्यात मळला, साग ओढला. मजुरी? नातवानं विचारलं तिला कोलामीत. ती एकच शब्द बोलली. तो मला म्हणाला, "वेठ."

साल विचारलं. तिला साल कसं सांगता येईल? म्हणाली, रझाकार यायच्या आधी. लग्न करून ती आली तेव्हा कचेरी होती.

1940 साली गोंडांचा पुढारी कोमाराम भीम जोडेघाटच्या डोंगरात मारला गेला. तेही तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातच, ज्यात किनवटही होता; इथून पुष्कळ लांब नाही. गोंड, कोलाम, रानातली शेती, चराई, दंड, रेंजर. भांडण हेच होतं. शाळेत आम्हाला मुक्तिसंग्राम शिकवला तो करोडगिरी नाके जाळल्याचा, उमरीची बँक लुटल्याचा. हे नव्हतं.

दाव्याचा कागद नीट आहे. एक सही राहिलीय.

30 मार्च

पाडवा. मामांच्या घरी जेवण. कचेरीत आता त्या खांबाकडं सारखं लक्ष जातं.

4 एप्रिल

अभियंता आले. नाव लिहीत नाही, कार्यालयही नाही. जीप चालूच ठेवली. पडवीच्या बाहेरून फोटो, आत आले नाहीत. "दगडी आहे ना? झालं तर मग." कोपऱ्याचा पिंपळ गेलाय, भिंत उघडी आहे, बघा म्हटलं. "चुना असो नाहीतर सोनं असो, आयुर्मान संपलंय." आयुर्मान कसं काढता, वर्ष माहीत नसताना? हसले. फॉर्म ठेवून गेले. रकाना 4: बांधकामाचे वर्ष.

5 एप्रिल

तो रकाना कोराच आहे.

9 एप्रिल

नांदेडला जाऊन जुनी दप्तरं पाहिली. काही नाही. असणार कसं? 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत किनवट नांदेडमध्ये नव्हताच, आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार राज्यं झाली तेव्हा किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल इकडे आलं. नांदेडचं मुधोळ, भैंसा तिकडे गेलं. माणसं, गावं, झाडं जिथल्या तिथं. फक्त कागद कुठल्या बाजूला राहिले ते कुणाला विचारायचं?

येताना नंदिग्रामनं आले. खिडकीबाहेर भोकरपर्यंत शेतं, मग हळूहळू डोंगर.

14 एप्रिल

सुट्टी. मामांनी माळ्यावरची पेटी काढली. उदमांजराची लेंडी, तुटका कंदील, एक जाड वही, उर्दूत. पानं कडेनं उंदरानं कुरतडलेली. फोटो काढून नांदेडच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना पाठवले.

16 एप्रिल

उत्तर आलं. दंडाची वही आहे. 1351 फसली. 590 मिळवायचे, 1941-42. नावं, गाव, बकऱ्या किती, गाई किती, दंड हाली शिक्क्यात. शिक्षक म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे.

इमारतीचं काहीच नाही. वही इथंच लिहिली, हेही कशावरून?

17 एप्रिल

नातवाला वहीबद्दल सांगावं का? त्यात त्याचा पणजोबा असेल. शिक्षकांना नावं सगळी वाचायला सांगितली आहेत.

22 एप्रिल

44 अंश. बाहेर पत्र्याच्या नाक्यात वनरक्षक ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसतात. आत कचेरीत पंखा बंद असला तरी लिहिता येतं. नव्या आराखड्यात दोन एसी दाखवलेत. वीज दिवसाला किती तास असते ते आराखडा करणाऱ्याला कोण सांगणार.

28 एप्रिल

कुंडलच्या प्रशिक्षणातली मैत्रीण अमेरिकेत नवऱ्याकडे गेलीय. यलोस्टोनमधून फोटो. लाकडाचे ओंडके, दगडी जोतं, बुटकं छप्पर, अगदी आमच्यासारखी रेंजरची कचेरी. 1930 च्या दशकातल्या मंदीत तिथल्या सरकारनं बेकार तरुणांना पगार देऊन जंगलांत कामाला लावलं, रस्ते, पूल, अशा कचेऱ्या बांधून घेतल्या. इमारत रानातून उगवल्यासारखी दिसली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. बाहेर पितळी पाटी आहे, साल कोरलेलं. पर्यटक पाटीबरोबर फोटो काढतात.

आमच्याकडे त्याच सुमाराला तसंच काम झालं. पगार नव्हता, पाटी नाही.

6 मे

तेंदूचा हंगाम. पेसा गावांतला तेंदू ग्रामसभा विकतात, आम्ही फक्त वाहतूक परवाने पाहतो. संकलनाच्या फळीवर पानांचे पुडे उन्हात. गावात पैसा खेळतोय, तक्रारी कमी.

12 मे

बुद्धपौर्णिमा. पाणवठ्यावर मचाणावर रात्र. ढग. चांद आत-बाहेर. रानडुकरं, रोही, एक अस्वल पिल्लाला पाठीवर घेऊन. अस्वल पाणी पिऊन वळलं तेव्हा पिल्लाचे पंजे फक्त दिसत होते, केसांत रुतलेले. वाघ नाही.

शेजारच्या मचाणावरचा नांदेडचा पोरगा रात्रभर मोबाइलवर कुजबुजत होता.

19 मे

मामा रोज आभाळाकडं बघतात. कवेलू फेरायला हवेत. दरवर्षी रोहिणी लागायच्या आत ते वर चढून फुटके काढतात, घसरलेले सारखे करतात, गवत उपटतात. मजुरी कुठल्याच हिशेबात नाही. मी विचारलं, कधीपासून? "माझ्या बापापासून."

म्हणजे ही भिंत चुन्यावर उभी आहे हे अर्धंच खरं.

नवे कवेलू आता कुणी करत नाही. जवळच्या गावातल्या कुंभारानं भट्टी केव्हाच मोडली. लोक पत्रे घालायला लागल्यावर जुने कवेलू उकिरड्यावर टाकतात; मामा तिथून वेचून आणतात. कचेरीच्या मागं रचून ठेवलेत.

22 मे

कवेलू फेरणं सुरू. दोन पोरं वर, मामा खालून ओरडतात. माझ्या खोलीवरचा तडकलेला वासा आता वाकलाय. उतरवला. आत गाभा अजून लाल, तेलकट, वास ताजा. टोकाला मात्र भुगा.

सागाचा वासा मिळेना. किनवटच्या दुकानातून जीआय पाइप आणला. आवारात शंभरावर नग जप्त साग, आणि छपराला लोखंडी नळी. मामा पाइपकडं बघून थुंकले.

26 मे

मान्सून आजच मुंबईत. एवढ्या लवकर कधी आला नव्हता म्हणे. इथं परवापासून वळवाचा मारा. अर्धं छप्पर उघडं. ताडपत्री, बादल्या, फायली टेबलाखाली. उर्दू वही माझ्या पिशवीत.

3 जून

पाऊस आला तसा गप्प. उकाडा. छप्पर पुरं झालं. गळत नाही, फक्त पाइपपाशी. लाकडाला कवेलू बसतात तसे लोखंडाला बसत नाहीत.

10 जून

रकाना कोरा ठेवून पाठवलेला निर्लेखनाचा प्रस्ताव परत आला. त्रुटी: 1) रकाना 4 निरंक. 2) मालमत्ता नोंदवहीतील क्रमांक नमूद नाही. त्रुटींची पूर्तता केल्याशिवाय पाडकामास मंजुरी देता येणार नाही.

त्याच टपालात दुसरं पत्र. वाशासाठी क्रमांकाशिवायच पाठवलेली दुरुस्तीची मागणी नामंजूर. कारण तेच.

दोन्ही मामांना वाचून दाखवली. पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना पाहिलं त्यांना.

12 जून

नोंद केली तर दुरुस्तीला पैसे मागता येतील. नोंद केली तर पाडताही येईल. नोंद नाही तोवर कचेरी कुणाचीच नाही, म्हणून शाबूत आहे. पण मामा दोन वर्षांनी साठ पुरे करतील. त्यानंतर रोहिणीच्या आधी वर कोण चढणार?

19 जून

मारुती चितमपल्ली काल गेले. सोलापुरात. आमच्याच खात्यातले. मामांना नाव माहीत होतं. "पक्ष्यांचं लिहायचे ते साहेब."

24 जून

शिक्षकांनी नावांची यादी पाठवली. कोलामांची नावं उर्दूत लिहिताना मोडलीत, पण गावं कळतात. पोडाचं नाव तीनदा आहे. नातवाला बोलावलं. त्यानं एका नावावर बोट ठेवलं. बकऱ्या चार. दंडापुढची जागा कोरी.

"दिला नाही म्हणजे खरंच दिला नाही," म्हणाला. फोटो काढून घेतला. वनहक्काच्या दाव्याला पुरावा म्हणून जोडायचाय त्याला: 1942 ला आमची माणसं याच रानात होती, सरकारनंच लिहिलंय.

हे मला सुचलं नव्हतं.

27 जून

दाव्यासोबत वहीच्या पानाची प्रत, भाषांतरासह. मी साक्षांकित केली.

2 जुलै

सहस्रकुंडाच्या धबधब्याला पाणी आलंय, वनरक्षक बघून आले. रानात सागाची नवी पानं, चोळली की हात लाल होतो.

आईचा फोन. पावसात भिताड कसंय, विचारलं. कोरडं आहे म्हटलं. दाराजवळ निजतेस ना? खिडकीजवळ, म्हटलं. त्यावर बराच वेळ आजीच्या गुडघ्यांबद्दल बोलली.

8 जुलै

मालमत्ता नोंदवहीत नोंद केली.

कार्यालय इमारत, एक. भिंती दगड व चुना. खांब, तुळया सागवान. छप्पर कवेलू, एक वासा लोखंडी. बांधकामाचे वर्ष: 1956 पूर्वी. स्थिती: वापरात. बांधणाऱ्याचं नाव लिहायला नमुन्यात रकाना नाही, म्हणून शेऱ्यात लिहिलं: बांधकाम परिसरातील कोलामांकडून, वेठीने.

दुरुस्तीची मागणी नव्यानं पाठवली, कोलाम बाईंच्या कथनासह. आरसीसीच्या आराखड्याला उत्तर दिलं: आवारात दुसरीकडे पुष्कळ जागा आहे, तिथं बांधावी.